तीन रकान्यांची वही

२०१९ सालच्या भोगीची रात्र. जेवणे आटोपून आम्ही सुपारी कातरीत बसलो असता पुतणीचा दूरध्वनी आला. ती तेव्हा बेळगावच्या केएलई रुग्णालयात फिजिओथेरपी विभागात नोकरीस होती.

"काका, उद्या निपाणीला जाताना गाडीत एक जागा रिकामी आहे ना? आमच्याकडे मलेशियाची एक विद्यार्थिनी आहे. तिला आपल्या घरातला सण बघायचाय. दोघी येणार होत्या, पण एकीला ताप आलाय."

"येऊ दे," असे आम्ही म्हणालो खरे. पण दूरध्वनी ठेवताच काळजीत पडलो. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही गोष्ट करावयाची म्हटली, की तो मनातल्या मनात तिची टिप्पणी लिहू लागतो आणि पहिल्याच परिच्छेदात अडचणी मांडतो. मुलगी मुसलमान, ती काय खाईल, काय खाणार नाही? तिच्या नमाजाच्या वेळा कोणत्या? निपाणीच्या घरी संध्याकाळी हळदीकुंकू असते, तेथे तिला कोठे बसवावे? वहिनींचे वय चौऱ्याहत्तर. त्यांना आधी कळवावे की ऐन वेळी? सौभाग्यवती दूध विरजीत होत्या. त्यांनी सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, पोर सणाला येतेय, तपासणीला नाही."

बेळगावकर वाचकांना या मुलींची ओळख नव्याने करून द्यावयास नको. २०१० साली केएलई आणि मलेशियाचे 'युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया' यांनी मिळून वैद्यकीचा अभ्यासक्रम येथे सुरू केला आणि नेहरूनगरच्या रस्त्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या, घोळक्याने चालणाऱ्या परदेशी मुली दिसू लागल्या. पदवी मलेशियाच्या विद्यापीठाची, शिकणे बेळगावात, आणि रोगी आपल्या जिल्ह्यातले. आम्ही त्यांना नऊ वर्षे पाहत होतो आणि त्यांच्यापैकी एकीशीही एक शब्द बोललो नव्हतो. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली तीसुद्धा त्या रात्री, सुपारी कातरताना.

सकाळी आठ वाजता पुतणी तिला टिळकवाडीत घेऊन आली. निळ्या नक्षीचा पायघोळ झगा, पांढरा रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. दारातच तिने न सांगता पायताण काढले आणि ते भिंतीशी नीट लावून ठेवले. सौभाग्यवतींचे दोन्ही हात हातांत घेऊन तिने आपल्या कपाळाला लावले. आम्हांला मात्र उजवा हात छातीशी नेऊन, किंचित वाकून नमस्कार केला. पुरुषांना असाच करावयाचा, अशी त्यांच्याकडची रीत. आमच्या टिप्पणीतील पहिल्या दोन अडचणी तेथेच गळाल्या. तिने आम्हांला विचारले, की आमच्या भाषेत काकाला 'पाक चिक' आणि मावशीला 'माक चिक' म्हणतात, तसे म्हटले तर चालेल का? सौभाग्यवतींना 'माक चिक' फार आवडले. 'पाक चिक' या संबोधनाने आम्हांला मात्र पहिला तासभर आपल्याविषयी काही पाककृतीचे बोलणे चालले असावे असा भास होत होता.

बेळगाव ते निपाणी हा रस्ता पाऊणशे किलोमीटरांचा. काकती मागे पडली तेव्हा हे कित्तूरच्या चन्नम्माराणीचे माहेर, असे आम्ही सांगितले. बोलणे इंग्रजीतून चालले होते. त्यात मधूनच तिने सौभाग्यवतींना विचारले, की तुमच्या भाषेत भाषेला काय म्हणतात?

"भाषा," सौभाग्यवती म्हणाल्या.

ती मुलगी खळखळून हसली. त्यांच्याकडे भाषेला 'बहासा' म्हणतात. तेथून मग जो खेळ सुरू झाला तो संकेश्वर येईपर्यंत थांबला नाही. नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्तेरी', उपवासाला 'पुआसा'. पापाला 'दोसा', पुण्याला 'पहाला', म्हणजे आपला दोष आणि आपले फळ. धर्माला 'आगामा'. स्वर्ग आणि नरक हेही शब्द थोडे उच्चार बदलून तिकडे गेलेले. धर्म इस्लाम, पण त्याच्या स्वर्ग-नरकाची नावे संस्कृतातली. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. भारतीय व्यापारी आणि विद्वान प्राचीन काळी त्या समुद्रापार गेले, हे वाक्य परीक्षेत अनेकदा लिहिले होते. ते वाक्य असे मागच्या आसनावर बसून शेंगा सोलत बोलेल, याची कल्पना नव्हती.

दोन शब्दांपाशी आम्ही थबकलो. एक 'नगारा'. हा आपला 'नगर', पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ झाला देश. दुसरा 'चिंता'. त्यांच्याकडे चिंता म्हणजे प्रेम. सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "मग आमचं लग्न प्रेमविवाहच म्हणायचा. पस्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

हे सगळे शब्द ती एका वहीत टिपून घेत होती. शाळेतली असते तशी दोनशे पानी वही. आम्ही ती पाहावयास मागितली. आत पानापानावर पट्टीने रेघा मारून तीन रकाने केले होते. रोमन लिपीत, बारीक अक्षरात. पहिल्यात 'एल्लि नोवु ऐतरी?', दुसऱ्यात 'कुठे दुखतंय?', तिसऱ्यात 'कहाँ दर्द है?' खाली 'किती दिवसांपासून', 'श्वास घ्या', 'जीभ दाखवा', 'घाबरू नका', सर्व तीनही भाषांत. रकान्यांना भाषांची नावे नव्हती. नुसते एक, दोन, तीन. आम्ही विचारले, नावे का घातली नाहीत? ती म्हणाली, "पहिल्या वर्षी कोणती भाषा कोणती हेच कळत नव्हतं. एक रकाना बोलून बघायचा. रोग्याचा चेहरा मोकळा झाला नाही तर दुसरा."

ज्या प्रदेशात पाटीवरच्या अक्षरावरून डोकी फुटली, तेथे ही मुलगी भाषांना नुसते क्रमांक देऊन काम करीत होती. आम्ही वही परत दिली.

ती मलेशियातल्या केलांतान या राज्याची. द्वीपकल्पाच्या ईशान्य कोपऱ्यातले हे राज्य. गंमत अशी, की ज्या विद्यापीठाची पदवी घेण्यासाठी ती समुद्र ओलांडून बेळगावास आली, त्याचे वैद्यकीय महाविद्यालय तिच्याच राज्यात, कोटा भारू शहरालगत आहे. तिची मलय भाषाही क्वालालंपूरची नव्हे. केलांतानची बोली निराळी. वर्गातल्या इतर मलय मुली तिच्या बोलण्याला हसत. आम्हांला आमचे पुण्यातले दिवस आठवले. तरुणपणी एका परीक्षेसाठी पुण्यात महिनाभर राहिलो होतो तेव्हा, "काय करालाईस?" एवढे दोन शब्द तोंडातून निघाले की खोलीतली मुले लोळत असत. त्यांना काय ठाऊक, की ते ज्या पोळीवर तूप घालून घेत होते तो 'तूप' शब्दही आमच्या शेजाऱ्यांकडून आलेला आहे. आणि 'अण्णा', 'अक्का', 'अडकित्ता' हेही.

तवंदी घाट उतरला की निपाणी दिसू लागते, आणि जानेवारीत ती दिसण्याआधी तिचा वास येतो. तंबाखूच्या काढणीचे दिवस. गाडीची काच खाली होती. आम्ही परदेशी पाहुणीला त्रास होईल म्हणून काच वर करणार, तोच तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि एक शब्द उच्चारला, "तेंबाकाऊ." तिचे आजोबा तंबाखू लावीत. केलांतान हे मलेशियातले तंबाखूचे मुख्य राज्य होते. त्या देशाच्या राष्ट्रीय तंबाखू मंडळाची कचेरीसुद्धा कोटा भारूत. पुढे बाहेरचा स्वस्त तंबाखू आला, सरकारने शेतकऱ्यांना दुसऱ्या पिकाकडे वळवावयास सुरुवात केली आणि २०१० पासून त्या मंडळाच्या नावात तंबाखूच्या आधी 'केनाफ' आले. केनाफ म्हणजे कोण, हे आम्हांला तिच्या भ्रमणध्वनीवरील चित्र पाहून कळले. आपली अंबाडी! तिकडे तिचा वाख काढतात. भाजी करतात की नाही हे विचारावयाचे राहिले. आम्ही तिला सांगितले, की १९८१ साली याच महामार्गावर तंबाखूचे शेतकरी भावासाठी आठवड्यामागून आठवडे ठाण मांडून बसले होते, शरद जोशी त्यांचे पुढारी होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, तिच्या आजोबांनी शेवटच्या हंगामात भट्टीची दारे लावली ती पुन्हा उघडलीच नाहीत.

वाड्यात अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, झोपाळ्यावर बसले होते. वहिनींना आम्ही ऐन वेळीच सांगितले होते, म्हणजे अर्ध्या रस्त्यातून. त्यांनी गुळाची पोळी, शेंगाची पोळी, वांग्याची भाजी, कढी असा बेत मांडला होता. मुलगी पाटावर मांडी घालून बसली, उजव्या हाताने नीट जेवली आणि गुळाच्या पोळीची चव घेऊन म्हणाली, की आमच्याकडे माडाचा गूळ असतो, 'गुला मलाका'. त्यातल्या 'गुला'कडे वहिनींचे लक्ष गेले. "म्हणजे गूळच की!" जेवणाविषयीच्या आमच्या टिप्पणीची विल्हेवाट अशी लागली.

जेवणानंतर तिने हळूच विचारले, नमाजासाठी एखादी स्वच्छ जागा मिळेल का? वहिनींनी माडी झाडून ठेवली होतीच. भ्रमणध्वनीतील होकायंत्रावर तिने दिशा पाहिली. पश्चिम, किंचित उत्तरेकडे. पिशवीतून पांढरे वस्त्र काढून ती वर गेली. अण्णा झोपाळा थांबवून बसून राहिले, कड्यांचा आवाज होऊ नये म्हणून. अण्णांना आम्ही सत्तर वर्षांचे होईपर्यंत कोणासाठी झोपाळा थांबवताना पाहिले नव्हते.

माडीवर आमच्या पणजोबांचे दप्तर आहे. ते कुलकर्णीपण करीत. लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे रुमाल फळीवर रचलेले आहेत. नमाज झाल्यावर ती खाली येईना, म्हणून आम्ही वर गेलो. ती त्या रुमालांपाशी उभी होती. हात लावला नव्हता. आम्ही एक रुमाल सोडून दाखवला. मोडी लिपी, बोरूची, एकाही शब्दाशी हात न उचलता लिहिलेली. तिने विचारले, "पाक चिक, यात काय लिहिलंय?"

आम्ही सांगितले, की आम्हांला वाचता येत नाही.

तिला वाटले, आम्हांला प्रश्न समजला नाही. तिने पुन्हा विचारला. मग आम्ही तिला मोडीची कथा सांगितली: छापखाना आला, पुस्तके बाळबोधीत निघाली, मोडी कचेऱ्यांत आणि घरगुती पत्रांत उरली, आणि आमच्या पिढीच्या शाळेत ती नव्हतीच. आमचे वडील वाचीत. आम्ही त्यांच्याकडून शिकलो नाही. ते होते तोवर गरज पडली नाही. ती म्हणाली, त्यांच्या मलयलाही जुनी लिपी आहे, अरबी वळणाची, 'जावी'. शाळा-कचेऱ्यांत आता रोमन आहे. पण धर्माच्या तासाला जावी शिकवतात, त्यामुळे आजोबांची पत्रे ती अजून वाचू शकते. "सावकाश. पण येतात," ती म्हणाली. आम्ही रुमाल पुन्हा बांधला. गाठ पूर्वीसारखी बसेना.

साडेतीनच्या सुमारास आम्ही तिला अर्जुननगरला नेले. देवचंद महाविद्यालय निपाणीकरांना सांगावयास नकोच. पण बाहेरच्यांना हा प्रकार समजावून सांगताना दम लागतो. कॉलेज निपाणीचे, मुले निपाणीची, पत्ता मात्र तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात. आम्ही चार वर्षे रोज सकाळी सायकलवरून परराज्यात जात होतो आणि दुपारी जेवायला स्वराज्यात येत होतो. पदवी मिळाली शिवाजी विद्यापीठाची, चाकरी केली कर्नाटक सरकारची. सुट्टीमुळे आवार रिकामे होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही तिला ही हद्द दाखवली. दाखवण्यासारखे तसे काही नाही. इकडचे आणि तिकडचे शेत सारखेच, बांधावरची बाभळ एकच.

आणि मग आम्ही आमचे नेहमीचे भाषण सुरू केले. 'नेहमीचे' म्हणावयाचे, पण वास्तविक ते आम्ही कधीच केले नव्हते. सेवेत असताना करणे शक्य नव्हते, आणि निवृत्त होऊन तेव्हा वर्षच झाले होते. मनात मात्र ते तयार होते. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना. मुंबई राज्यातून बेळगाव जिल्ह्याचे म्हैसूर राज्यात जाणे. १९६६ चा महाजन आयोग आणि पुढच्या वर्षीचा त्याचा अहवाल. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत 'बेळगावी' होणे. आमचा जन्म १९५८ चा. ही रेघ आमच्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही तिला हेही सांगितले, की आमच्या सेवाकाळात दर १ नोव्हेंबरला आम्ही कचेरीत राज्योत्सवाच्या ध्वजाखाली उभे असू आणि त्याच सकाळी अण्णा निपाणीत काळी फीत लावून फेरीत चालत असत. संध्याकाळी दूरध्वनीवर बोलणे होई ते पावसाविषयी.

ती ऐकत होती. आम्हांला अपेक्षा होती, की ती आता 'अरेरे' म्हणेल. ती म्हणाली, "आमच्याकडे नदी आहे."

तिचे गाव गोलोक नदीच्या काठी. नदीपलीकडे थायलंड. १९०९ साली इंग्रज आणि सयामचा राजा यांच्यात तह झाला. केलांतान, तेरेंगानू, केडा, पर्लिस ही राज्ये इंग्रजांकडे आली आणि पट्टनीकडचा मुलूख सयामकडे राहिला. दोन्ही काठांवर माणसे तीच, बोली तीच. तिच्या आजीची सख्खी बहीण लग्न होऊन पलीकडे दिलेली. तिची नातवंडे शाळेत थाई शिकतात, घरात केलांतानसारखीच मलय बोलतात. कागदोपत्री त्यांची नावेसुद्धा थाई आहेत, घरातली निराळी. सणाला पडावातून येणेजाणे चाले. पलीकडच्या त्या मुलखात कित्येक वर्षे बंदुका चालू आहेत, म्हणून अलीकडे आजी जात नाही. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितले. आम्ही आमच्या रेघेची वर्षे मोजून सांगितली होती. तिची रेघ जवळजवळ अर्ध्या शतकाने जुनी निघाली, आणि ती राज्यांमधली नव्हे, देशांमधली.

याने आमचे दुःख लहान झाले असे आम्ही म्हणणार नाही. एकाच्या पायातला काटा दुसऱ्याच्या पायातल्या खिळ्याने निघत नाही, आणि सीमाभागाचे गाऱ्हाणे खोटे ठरत नाही. पण ते सांगताना 'जगात असे कोठेच घडले नसेल' असा जो एक सूर आमच्या आवाजाला लागतो, तो त्या दिवसापासून लावताना आम्ही अडखळतो.

मग तिने तो प्रश्न विचारला. त्यात काही डाव नव्हता. वहीतल्या रकान्यांचीच ती विचारपूस होती. "पाक चिक, तुमच्या कचेरीत माणसं यायची, ती आपली तक्रार घेऊन यायची. तुम्ही त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलत होता?"

"दोन्ही," आम्ही म्हणालो.

हे उत्तर अर्धे खरे होते. उरलेले अर्धे तिला सांगितले नाही, ते येथे सांगतो.

१९८७ साल असावे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतरचे दिवस, हवा तापलेली. आम्ही एका तालुक्याच्या कचेरीत नवे होतो. एक म्हातारा शेतकरी आला. भाऊ वारल्यावर नोंदीत याचे नाव सुटले होते, त्याची तक्रार. अर्ज मराठीत, शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानावर. तो टेबलाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "सायेब, तुमी निपाणीचं न्हवं?" शेजारच्या टेबलावरची लेखणी थांबलेली आम्हांला ऐकू आली. आम्ही अर्ज त्याच्याकडे सरकवला आणि त्याला कन्नडमध्ये म्हणालो, "कन्नडदल्लि बरकोंडु बर्री." कन्नडमध्ये लिहून आणा.

राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद आम्हांला तेव्हाही पाठ होता. आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. खातेअंतर्गत परीक्षेत त्यावर टीप लिहून आम्ही गुण मिळवले होते. आम्हांला वरून कोणीही हुकूम दिला नव्हता, कोणी धमकावले नव्हते. 'हा मराठ्यांचा माणूस' असे कोणी म्हणू नये, एवढीच भीती. ती आमची आम्हीच घेतलेली होती. म्हाताऱ्याने बाहेर झाडाखालच्या अर्जनविसाकडून अर्ज लिहवून आणला. तासाभराने आला. कन्नड अक्षर मोत्यासारखे, खाली सही मात्र वाकड्यातिकड्या बाळबोधीत. आम्ही त्याच दिवशी अर्ज पुढे पाठवला आणि महिन्याभरात नोंद दुरुस्तही झाली. म्हणजे काम झाले. जाताना त्याने नमस्कार केला, पण पुन्हा मराठीत काही बोलला नाही. पुढे छत्तीस वर्षांच्या सेवेत आम्ही मराठी अर्ज घेतले, कन्नड घेतले, न लिहिता येणाऱ्यांचे स्वतः लिहून दिले. दोन्ही भाषांतून बोललो, हे खरेच आहे. तो एक तास मात्र त्यातून वजा होत नाही.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आळीतल्या पंधरा-वीस बायका जमल्या. सोप्यातल्या खुर्चीवरून आम्हांला अंगण दिसत होते. वहिनी करंडा घेऊन तिच्यापुढे आल्या आणि क्षणभर थांबल्या. त्या थांबण्यात आमची कालची सगळी टिप्पणी होती. मुलीने हळद ओळखली. "कुन्यित," ती म्हणाली. त्यांच्याकडे शुभकार्याला हळदीचा पिवळा भात करतात, असे तिने पुतणीकरवी सांगितले आणि हात पुढे केला. वहिनींनी तिच्या मनगटावर हळदीचे बोट लावले, कुंकवाचे बोट आपल्याच पदराला पुसले, ओंजळीत तिळगूळ आणि स्टीलची वाटी घातली. झाले. पुढच्या बाईकडे वळल्या.

कोणीतरी विचारले, "ही कोण गं?"

"डॉक्टरीण व्हायलीय," वहिनी म्हणाल्या.

हा शब्द त्या अंगणात पडला मात्र, आणि हळदीकुंकवाचा दवाखाना झाला. कोणाचा गुडघा, कोणाची पाठ, कोणाला रात्री उजव्या कुशीवर झोपल्यावर खोकला. मुलीने पिशवीतून वही काढली. "कुठे दुखतंय?" तिने पहिल्या आजींना विचारले आणि सगळ्या बायका एकदम शांत झाल्या, मग एकदम बोलू लागल्या. शेवटी कोपऱ्यातल्या, पलीकडच्या घरच्या लिंगायत आजी राहिल्या. त्यांची मराठी बेताची, आणि त्या गर्दीत पुढे होत नव्हत्या. मुलगी त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली, एकवार पान पाहिले, आणि म्हणाली, "एल्लि नोवु ऐतरी, अज्जी?" अज्जींनी लुगडे वर घेऊन घोटा दाखवला. "औषध मी देऊ शकत नाही, अजून शिकतेय," हे तिसऱ्या रकान्यातून आणि पुतणीच्या मदतीने सर्वांना सांगून झाले, तरी कोणी उठेना. सौभाग्यवतींनी आम्हांला हाक मारून पाणी आणावयास सांगितले. आम्ही तांब्या घेऊन गेलो आणि लगेच परत आलो नाही.

परतीच्या वाटेवर अंधार झाला. ती बरीचशी झोपली होती. हत्तरगीच्या पुढे जागी झाली तेव्हा सौभाग्यवतींनी तिला संक्रांतीचे वाक्य शिकवले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." शेजारी कन्नडमध्ये काय म्हणतात, तेही तिने विचारून घेतले: "एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." गाडीतल्या दिव्याखाली दोन्ही आपापल्या रकान्यांत गेली. तिसरा रकाना रिकामा राहिला, म्हणून तिने त्यात आपल्या भाषेत काहीतरी लिहिले. ते काय, हे आम्ही विचारले नाही.

वसतिगृहाच्या फाटकाशी पावणेआठला पोहोचलो. रखवालदार टोपी सावरीत पुढे आला. तिने ओंजळीतला तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला, रस्त्यावरच्या दिव्याकडे वही धरली आणि एकेक अक्षर जुळवीत म्हणाली, "एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि."

तो खानापूरकडचा निघाला. दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला, म्याडम."

तिने आमच्या गाडीकडे वळून पाहिले. "रकाना चुकला," म्हणाली, आणि हसत आत गेली.